गाळ्यातलं यामा हिमाल

नारायण पेठ, पुणे
१२ जून २०२५

चि. मंदाकिनीस, बाळदादाचे आशीर्वाद. (रीत म्हणून देतो आहे. मनापासून आले की वेगळे कळवीन.)

पत्र पाहून दचकू नकोस. परवा फोनवर तू रडलीस, मी ओरडलो आणि मुद्दा तिथेच राहिला. कागदावर निदान एकमेकांना मध्येच तोडता येत नाही. शिवाय लेखी असलेलं बरं.

तुझ्या गाळ्यात हॉटेल येतंय ही बातमी मला कोणी दिली, तर इस्त्रीवाल्या गेनबाने. मी तुझा सख्खा थोरला भाऊ, वय वर्षे एकाहत्तर, त्याच गाळ्याच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर राहणारा. आणि मला गेनबा सांगतो की काका, खाली जपानी-नेपाळी हॉटेल होतंय. मी त्याला म्हटलं, असं काही नसतं, एक तर जपानी असेल नाहीतर नेपाळी. तर तो म्हणाला की दोन्ही आहे, नवरा नेपाळचा आणि बायको जपानची. त्याच्यापुढे मी अज्ञानी ठरलो ते ठरलोच, वर शर्टाची कॉलर करपली.

आपली जुनी जागा बिल्डरला दिली तेव्हा वरचा फ्लॅट मला आला आणि खालचा गाळा तुला. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. अठरा वर्षं तिथे लग्नपत्रिका छापणारा होता. शाईचा वास यायचा, पण शाईच्या वासाने कोणाचा धर्म बुडत नाही. तो गेल्यावर दोन वर्षं गाळा बंद होता. या दोन वर्षांत मी तुला किमान दहा वेळा म्हटलं असेल, की हल्लीच्या मुलांचं अक्षर बघवत नाही, पेठेत कोणीतरी सुलेखनाचा वर्ग काढायला हवा. छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाने हे कशासाठी म्हटलं असेल, ते तुला कळलं नाही असं मानायला मी तयार नाही.

आज पाटी लागली. नाव आहे ‘यामा हिमाल’. तुझ्या वहिनीने चौकशी केली, यामा म्हणजे जपानीत डोंगर म्हणे. असेल. आमच्या पेठेत लोक ‘यम’ वाचतात आणि पुढे जातात.

करार मोडायला अजून वेळ गेलेली नाही. केदारला सांग, तो शिकलेला मुलगा आहे. उत्तर लेखी पाठव.

वाट पाहणारा,
बाळदादा

---

वाघोली
१९ जून २०२५

ति. बाळदादास, मंदाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आहे, मजकूरही नेहमीसारखाच.

करार मोडणार नाही. हे वर लिहिते, म्हणजे बाकीचं पत्र तू वाचलं नाहीस तरी चालेल.

ही माणसं कोण ते मात्र ऐकून घे. केदार कंपनीच्या कामाने दोन वर्षं नागोयाला होता, तेव्हा नवराज आणि युकारीच्या हॉटेलात जेवायचा. तिथे तो तापाने पडला होता ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास की पाठवला कशाला. त्याच्या खोलीवर आठ दिवस ही युकारी पेज घेऊन गेली. दारात ठेवायची, घंटा वाजवायची आणि कामावर पळायची. पुढे त्यांची इमारत पाडली आणि हॉटेल गेलं. केदारनेच त्यांना पुण्याला या म्हणून सांगितलं, इथे जपानी शिकणारी एवढी मुलं आहेत, चालेल. आणि माझा गाळा त्याने नाही, मी देऊ केला.

आता तुझ्या सुलेखनाचं. दादा, तुला गाळा हवा होता तर तोंडाने मागायचा होतास. मी दिलाही असता कदाचित. पण धाकट्या बहिणीकडे मागायचं म्हणजे तुझी जीभ जड होते. तू सुचवतोस, आणि समोरच्याने ओळखून ताटात वाढायचं अशी तुझी अपेक्षा असते.

मी मागितलं होतं, आठवतं? हे गेले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि केदार दोन वर्षांचा. आपल्या जुन्या जागेतली रस्त्याकडची एक खोली मागितली होती, पोळीभाजी विकायला. तू म्हणालास, खांबेट्यांची मुलगी पोळ्या विकते असं लोकांनी म्हणायचं का. मग खांबेट्यांची मुलगी लोणी काळभोरला गेली आणि वसतिगृहाच्या मेसवर सव्वीस वर्षं पोळ्या लाटत राहिली. तिथे तुझे लोक नव्हते, म्हणून तुला ते चाललं.

तेव्हा त्या जागेत आता कोणीतरी शिजवून विकणार आहे. माझी हरकत नाही.

वहिनीला गुडघ्याचं तेल पाठवते आहे. तुझ्यावर राग असला तरी तिच्यावर नाही.

मंदा

---

नारायण पेठ
६ जुलै २०२५

चि. मंदाकिनीस, आशीर्वाद.

तीस वर्षांपूर्वीची खोली तू अजून उकरून काढतेस यावरून तुझी स्मरणशक्ती उत्तम आहे, एवढंच सिद्ध होतं.

तुझं हॉटेल मंगळवारी सुरू झालं. उद्घाटनाला मी नव्हतो. वर होतो, पण वास घरपोच मिळाला. सकाळी साडेनऊला सुक्या माशाचं पाणी उकळायला लागतं. अकरा वाजता काहीतरी आंबवलेली पाल्याची भाजी येते, तिला गुंद्रुक म्हणतात असं तुझ्या वहिनीने मला अभिमानाने सांगितलं. मी देवापुढे उदबत्ती लावतो तिचा वास कुठे जातो कळत नाही. बहुतेक तीही खाली जाऊन जेवत असावी.

चौकापर्यंत रांग असते. पाठीला बॅगा लावलेली कॉलेजची पोरं, भांड्यात बुडवलेल्या शेवया काड्यांनी उचलतात आणि त्याचे फोटो काढतात. आपल्या जिन्यात बसून खातात. परवा एकाने मला विचारलं, की काका, तुम्ही किती लकी आहात, रोज खाता का.

तुझ्या वहिनीचं, नंदाचं, तर विचारू नकोस. दुपारी माझा डोळा लागला की ही खाली. त्या जपानी बाईला मराठी शिकवते आणि तिच्याकडून मोमो वळायला शिकते. मी खडसावून विचारलं की खाली नक्की काय काय शिजतं. तर म्हणाली, कोंबडी, मासे आणि भाज्या, बाकी काही नाही, सगळं स्वैपाकघर उघडून पाहिलंय, आपल्यापेक्षा स्वच्छ आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हे ऐकायचं राहिलं होतं.

महापालिकेत वासाबद्दल अर्ज दिला. तो तिथे सुखाने झोपला आहे. आपल्या चौकातल्या मंडळाचा दशरथ मात्र भेटला. निवडणुकीला उभा राहायचं म्हणतोय, त्यामुळे सध्या सगळ्यांचं ऐकतो. म्हणाला, काका, नुसता वास काय कामाचा, लोकांना लागेल असं काहीतरी लेखी द्या, मग आम्ही बघतो.

हे तुला आगाऊ कळवतो आहे. नंतर सांगितलं नाही म्हणू नकोस.

लोभ आहे की नाही ते तुझ्या वागण्यावर ठरेल.
बाळदादा

---

वाघोली
२५ जुलै २०२५

ति. दादास,

नमस्कार लिहायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. तसंच समज.

मंगळवारी भर दुपारी बारा वाजता काय झालं ते तुला वेगळं सांगायची गरज नाही, तुझ्या खालीच झालं. तरी लिहिते, कारण तुला लेखी आवडतं. दशरथ पंधरा-वीस जणांना घेऊन आला. त्याच्या हातात एक कागद होता. तो त्याने मोठ्याने वाचला की इथे गोमांस शिजतं, श्रावण तोंडावर आला असताना पेठेत हे चालू देणार का. जेवणारी मुलं पळाली. नवराज हात जोडून सांगत होता, की मी पोखऱ्याचा हिंदू आहे, तुम्ही आत येऊन बघा. ते आत गेले, पण बघायला नाही. भांडी उलथली. चुलीवरचा उकळत्या रश्शाचा टोप त्याच्या अंगावर आला. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत भाजला आहे. डॉक्टर म्हणतात, कातडी लावावी लागेल. बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते आत्ता सांगत नाहीत.

त्या कागदाचा फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या पुण्यात फिरला. केदारलाही आला. खाली सही होती, ‘एक जागरूक रहिवासी’.

केदारने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं की आई, कोण असेल. मी चष्मा लावला. निळी शाई. ‘ळ’ला दिलेली ती गाठ. वाक्य संपल्यावर टिंबाऐवजी उभा दंड. दादा, त्या अक्षरात तू मला पहिली बाराखडी गिरवून दिलीस. मी ते कुठेही ओळखीन. केदारला मात्र मी म्हणाले, की कोणाचं आहे कळत नाही. आयुष्यात त्याच्याशी एवढं मोठं खोटं कधी बोलले नव्हते. तुझ्यासाठी बोलले.

तुझं ६ जुलैचं पत्र माझ्यापुढे आहे. त्यात तूच लिहिलं आहेस, कोंबडी, मासे आणि भाज्या, बाकी काही नाही. म्हणजे तुला माहीत होतं.

हे का केलंस ते मला विचारायचं नाही. मला कळतं. आता काय करणार आहेस ते लिही.

मंदाकिनी रिसबूड

---

नारायण पेठ
२९ जुलै २०२५

चि. मंदाकिनीस,

माहेरचं नाव टाकून सासरच्या आडनावाची सही केलीस. वाचली.

कागद माझा आहे. नाकारत नाही. पण नीट वाचलास तर त्यात ‘गोमांस शिजत असल्याचा दाट संशय आहे’ असं लिहिलं आहे. ‘शिजते’ असं लिहिलेलं नाही. मी छत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं, दोन्हींतला फरक मला कळतो. दशरथला तो कळत नाही, यात माझा दोष नाही. माझी अपेक्षा एवढीच होती की अधिकारी येतील, तपासणी होईल, चार दिवस बंद राहील आणि ती माणसं कंटाळून दुसरीकडे जातील. पोरं आत घुसतील हे मला कुठून कळणार?

नेपाळ्याच्या हाताचं ऐकून वाईट वाटलं. पण गॅसवर एवढा मोठा टोप गाळ्यात ठेवायला परवानगी होती का, हेही कोणीतरी विचारायला हवं.

आणि केदारला तू सांगितलं नाहीस ते योग्य केलंस. घरातलं घरात राहावं. कागदावर नाव नाही. महिन्याभरात लोक विसरतील.

तुझी वहिनी काल दोन वेळचा स्वैपाक करून, भांडी घासून, न सांगता निघाली. तुझ्याकडे आली असणार. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या फ्रिजवर राहिल्या आहेत. तिला सांग, की हा पोरखेळ पुरे झाला.

बाळ

---

वाघोली
४ ऑगस्ट २०२५

श्री. बाळकृष्ण खांबेटे यांस, सौ. नंदाचा नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. आपण कधी लांब राहिलोच नाही. शुद्धलेखन तपासू नका.

गोळ्या इथे विकत मिळाल्या.

मंदावन्संनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं. पोरं आत घुसतील हे तुम्हाला कुठून कळणार, असं तुम्ही लिहिलंत. अहो, पण घुसली तेव्हा तुम्ही गॅलरीत उभे होतात. हे वन्संना माहीत नव्हतं. मी काल सांगितलं.

मी तुम्हाला तीनदा हाक मारली. म्हटलं, खाली चला, ते तुमचा मान ठेवतात, एक शब्द बोललात तरी थांबतील. त्यांतली निम्मी पोरं तुमची विद्यार्थी आहेत. तुम्ही कठड्याला धरून बघत होतात. तिसऱ्या हाकेला आत आलात, गॅलरीचं दार लावलंत, कडीही घातलीत, आणि टीव्हीचा आवाज वाढवलात. खालून त्या माणसाचं ओरडणं ऐकू येत होतं आणि तुम्ही बातम्या लावल्या होत्या.

मी एकटी खाली गेले. एक जण म्हणाला, आजी, बाजूला व्हा, लागेल. मी बाजूला झाले नाही. नवराजचा हात मोरीच्या नळाखाली धरून बसले. युकारी रडत नव्हती. फुटलेल्या वाडग्यांचे तुकडे ती रंगांप्रमाणे वेगवेगळे लावत होती, आणि मी शिकवलेल्या मराठीत पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होती, की पाय जपा, पाय जपा. तिला दुसरं काही आठवत नसावं.

त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, की कागद कोणा दुसऱ्याचा असेल. वर आले तर तुम्ही माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाहीत. तेव्हा कळलं.

मी भांडत नाही, मला येत नाही. मला एवढंच सांगायचं आहे. चौकीत जा आणि हे मी लिहिलं, मला खोटं आहे हे माहीत होतं, असं नाव घालून लिहून द्या. मग त्या दोघांकडे जा. दोन्ही झाल्यावर कळवा. तोवर मी येणार नाही, आणि तुम्हीही इथे येऊ नका.

वरणाला फोडणी देताना हिंग हळदीच्या आधी घालायचा, मोहरी तडतडल्यावर.

नंदा

---

नारायण पेठ
१७ ऑगस्ट २०२५

चि. मंदा, आणि नंदालाही हेच,

दोन्ही झालं. कळवायला सांगितलं होतं म्हणून कळवतो.

सोमवारी चौकीत गेलो. तिथले साहेब सभ्य होते. म्हणाले, काका, सगळं शांत झालंय, तुमचं वय बघता तुम्ही घरी जा. मी बाकावर बसून राहिलो. दोन तासांनी त्यांनी कागद दिला. मी लिहिलं, की दशरथने वाचलेला कागद माझा आहे, त्यातला मजकूर खोटा आहे, तो खोटा आहे हे लिहिताना मला माहीत होतं, आणि मोडतोड चालू असताना मी वरून पाहत होतो. सहीपुढे पूर्ण नाव घातलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, की याने तुमच्यावरही गुन्हा लागेल. मी म्हटलं, लागू दे. मोठं धैर्य केलं असं समजू नका. बाहेर आल्यावर सोबत आलेल्या गेनबाने धरून रिक्षात बसवलं.

संध्याकाळी दशरथ आला. चप्पल न काढता आत आला. म्हणाला, काका, वयाने विसरायला होतं, उद्या जाऊन जबाब बदला. मी नाही म्हटलं. तेव्हापासून दारात रोज कचरा पडतो. परवा माझाच एक जुना विद्यार्थी समोरून आला आणि मला पाहून रस्त्याच्या पलीकडे गेला.

बुधवारी त्या दोघांकडे गेलो. शनिवार पेठेत एका खोलीत राहतात. युकारीने दार उघडलं, मला ओळखलं, वरचे काका या म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. नवराज गादीवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. त्याने उठून मला खुर्ची दिली. डाव्या हाताने चहा केला, मला नको म्हणू दिलं नाही. मी अर्धा कप होईपर्यंत हवापाण्याचं बोललो. तेवढा भित्रेपणाही केला, तो लिहितो आहे. मग सांगितलं.

त्याने हिंदीत विचारलं, की तुम्हाला आमच्याबद्दल गैरसमज झाला होता ना? मला वाटतं, मी हो म्हणावं अशी त्याची इच्छा होती. हो म्हटलं असतं तर त्याला मला माफ करता आलं असतं. मी म्हटलं, नाही, मला माहीत होतं.

तो उठला. माझ्या हातातला अर्धा भरलेला कप त्याने हळूच काढून घेतला, मोरीत ओतला, विसळून पालथा घातला आणि दार उघडून उभा राहिला. युकारीने मात्र जिन्यातला दिवा लावला.

मंदा, मला आयुष्यात कोणी इतक्या शांतपणे घराबाहेर काढलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर देऊ शकलो असतो.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. मी कठड्याशी उभा होतो तेव्हा पहिला वाडगा फुटला, आणि मला बरं वाटलं. एक क्षण. नंतर तो ओरडला. मी दार लावलं ते घाबरून नाही. आपल्याला बरं वाटलं होतं, हे नंदाला दिसू नये म्हणून लावलं.

आता लपवायला काही उरलं नाही. तुम्हा दोघींना द्यायचं ते उत्तर द्या.

बाळदादा

---

वाघोली
२४ ऑगस्ट २०२५

ति. बाळदादास, शि. सा. नमस्कार.

पत्र वहिनीने वाचलं, मी वाचलं, आणि मग केदारपुढे ठेवलं. कागद कोणाचा ते मला त्याच दिवशी कळलं होतं, हेही त्याला सांगितलं. दोन दिवस तो मला आई म्हणालेला नाही. माझ्या वाट्याचं मला मिळालं आहे.

तुझ्या जबाबामुळे चौकशी सुरू झाली. दशरथसकट सहा जणांना बोलावलं आहे. तुझंही नाव त्यात आहे. वकील तुझा तू बघ.

यामा हिमाल दसऱ्याला पुन्हा उघडेल. त्याच गाळ्यात. मी त्यांना हात जोडून म्हटलं होतं, की जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. नवराज म्हणाला, की आम्ही गेलो तर तो कागद खरा ठरेल. त्याची दोन बोटं वळत नाहीत. तो गल्ल्यावर बसणार, चुलीशी युकारी आणि माझी वसतिगृहातली जुनी जोडीदारीण मुक्ताई. वास येईल. खिडक्या लाव.

तुला माफ केलं का, असं तू विचारलं नाहीस हे बरं केलंस. ते माझ्या हातात नाही आणि ज्याच्या हातात होतं त्याचा हात तू पाहून आला आहेस. तू खरं बोललास, उशिरा बोललास, पण सगळं बोललास. एवढं मी मान्य करते. याहून जास्त माझ्याकडून आत्ता निघत नाही.

वहिनी सोमवारी येते आहे. तुझ्याकडे नाही, तिच्या घरी. हॉटेल उघडलं की दिवसा ती खाली असेल, मोमो वळायला. तुझा स्वैपाक तू करशील, असं ती म्हणते.

यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. ओवाळायला माझा हात उठणार नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

तब्येतीस जप, कचरा रोजच्या रोज उचल,
तुझी बहीण
मंदा